राजधानी नसलेले सम्राट आणि त्यांच्या लेकींनी राखलेला खजिना

जर्मनी फिरून आलेल्या माणसाच्या फोनमध्ये एक फोटो हमखास असतो, डोंगरावरचा पांढराशुभ्र नॉयश्वानस्टाइन किल्ला, आणि खाली लिहिलेलं असतं ‘मध्ययुगीन जर्मनी’. सांगायला जिवावर येतं, पण तो किल्ला मध्ययुगीन नाहीये. त्याचं बांधकाम १८६९ मध्ये सुरू झालं, तोवर मुंबईहून बोरघाट चढून पुण्याला रेल्वे यायला लागून सहा वर्षं झाली होती. बवेरियाच्या एका राजाला जुन्या काळाचं वेड होतं, त्याने हौस म्हणून बांधून घेतला. दिसायला झकास आहे, प्रश्नच नाही, पण खरोखरचं हजार वर्षांपूर्वीचं काही बघायचं असेल तर तिथून बरंच उत्तरेला, हार्त्स डोंगराच्या आजूबाजूला जायला लागतं, जिथे आपल्याकडचे टूरवाले सहसा फिरकत नाहीत.

हार्त्स म्हणजे जर्मनीच्या साधारण मधोमध, जरा वरच्या अंगाला असलेला जंगलाचा डोंगराळ पट्टा. त्याच्या पायथ्याशी, फार तर दोन-तीन तासांच्या अंतरात, क्वेडलिनबुर्ग, हाल्बरश्टाट, गेर्नरोडे, गॉस्लार, हिल्डेसहाइम, माग्देबुर्ग अशी गावं आणि शहरं आहेत आणि तिथे एवढं काही साठलंय की माणूस गोंधळून जातो. क्वेडलिनबुर्ग, गॉस्लार आणि हिल्डेसहाइम ही तीन तर यूनेस्कोच्या यादीतही आहेत. प्रश्न असा पडतो की याच कोपऱ्यात एवढं का? बर्लिनला नाही, म्युनिकला नाही, इथेच का? त्याचं उत्तर एकदा कळलं ना की मग प्रत्येक चर्चमध्ये माहितीफलक वाचत बसायची गरज उरत नाही, सगळं आपोआप जागेवर बसतं. म्हणून हा लेख.

आधी एक गोंधळ मिटवू. हा सगळा भाग त्या काळी सॅक्सनी म्हणून ओळखला जायचा, पण आजच्या नकाशावर सॅक्सनी शोधायला जाल तर ड्रेस्डेन आणि लाइपझिग सापडेल, ते वेगळं. नाव नंतरच्या राजघराण्यांच्या वाटण्यांमध्ये सरकत सरकत पूर्वेला गेलं. जुने सॅक्सन लोक हे उत्तर जर्मनीतले, आणि ख्रिश्चन व्हायला अजिबात तयार नव्हते. फ्रँक लोकांच्या राजाला, शार्लमेनला, त्यांना नमवायला ७७२ पासून ८०४ पर्यंत अधूनमधून लढाया करत बसावं लागलं. आणि काळाची चक्रं कशी फिरतात बघा, त्यानंतर सव्वाशे वर्षांच्या आत, ९१९ मध्ये, त्याच सॅक्सन लोकांचा सरदार हाइनरिश पूर्वेकडच्या फ्रँक राज्याचा राजा झाला, आणि त्याचा मुलगा ओट्टो ९६२ मध्ये रोमला जाऊन पोपच्या हातून सम्राटपदाचा मुकुट घालून आला. म्हणजे ज्यांना जबरदस्तीने बाटवलं, तेच चौथ्या-पाचव्या पिढीत ख्रिश्चन साम्राज्याचे मालक.

आता मुख्य मुद्दा. या सम्राटांना राजधानी नव्हती. राजधानी म्हणजे आपल्या डोक्यात एक शहर, एक महाल, कारकून, तिजोरी असं चित्र येतं, तसं काहीच नाही. राजा आयुष्यभर घोड्यावर. सोबत बायको-मुलं, धर्मगुरू, सैनिक, नोकरचाकर, अशी शेकडो माणसं आणि तेवढीच जनावरं. का, तर रस्ते धड नाहीत, पैसा फारसा फिरत नाही, शेतसारा म्हणजे धान्य, डुकरं, बिअर, आणि हे सगळं एका ठिकाणी ओढून आणण्यापेक्षा सगळा दरबारच धान्याच्या कोठारापाशी नेणं सोपं. एका मुक्कामावरचं संपलं की पुढचा मुक्काम. दुसरं कारण म्हणजे राजा समोर दिसला नाही की सरदार लगेच स्वतःला राजा समजायला लागायचे, त्यामुळे तोंड दाखवत फिरणं हाच कारभार. या मुक्कामाच्या जागांना जर्मनमध्ये फाल्त्स म्हणतात, म्हणजे थोडा वाडा, थोडी शेती, एक चर्च. हार्त्सच्या भोवती अशा जागांची दाटी होती कारण या घराण्याची स्वतःची जमीन इथे होती, शिकारीचं जंगल इथे होतं.

सणाचे मुक्काम मात्र बऱ्यापैकी ठरलेले असायचे, आणि ईस्टर बऱ्याचदा क्वेडलिनबुर्गला. ९७३ च्या ईस्टरला म्हातारा ओट्टो तिथे दरबार भरवून बसला होता, डेन्मार्क, पोलंड, बोहेमिया, हंगेरी, बल्गेरिया, बायझँटाइन साम्राज्य, सगळीकडचे दूत नजराणे घेऊन आले होते. आज त्या गावाची वस्ती आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी, एका टोकाला चालायला लागलात तर अर्ध्या तासात दुसऱ्या टोकाला पोचाल. त्या ईस्टरनंतर दोन महिन्यांच्या आत, ७ मे ९७३ ला, ओट्टो मेमलेबेनच्या फाल्त्समध्ये गेला. त्याचा बापही ९३६ मध्ये तिथेच गेला होता.

बापाला पुरलं क्वेडलिनबुर्गच्या टेकडीवर, आणि इथून गोष्टीला खरी सुरुवात होते. कारण त्या काळच्या माणसाच्या दृष्टीने मरणानंतर महत्त्वाचं काय, तर आपल्या आत्म्यासाठी कोणीतरी सतत प्रार्थना करत राहणं. आपल्याकडे दरवर्षी तिथीला श्राद्ध घालतात ना, साधारण ती कल्पना समजा, फक्त इथे ते घरच्यांनी वर्षातून एकदा करायचं नाही तर त्यासाठी एक कायमस्वरूपी संस्थाच काढायची, तिला जमिनी लावून द्यायच्या, आणि तिथल्या लोकांनी पिढ्यानपिढ्या दिवसरात्र ठरलेल्या वेळी नावं घेऊन प्रार्थना करायची. हाइनरिशची विधवा राणी माथिल्डे हिने ९३६ मध्येच ओट्टोकडून अशी संस्था काढून घेतली आणि पुढची तीस वर्षं ती स्वतः चालवली. ९६८ मध्ये ती गेली तेव्हा तिला नवऱ्याशेजारी पुरलं.

या संस्थेला जर्मनमध्ये श्टिफ्ट म्हणतात. मठ म्हटलं तरी चालेल पण मग लोकांच्या डोळ्यांसमोर डोक्यावर कापड घेतलेल्या गरीब बिचाऱ्या नन येतात, आणि तसं इथे काही नव्हतं. इथे फक्त वरच्या सरदार घराण्यातल्या बायका. त्यांना आजन्म व्रताची शपथ नसायची, स्वतःची मालमत्ता ठेवता यायची, नोकर ठेवता यायचे, आणि लग्न ठरलं तर निघूनही जाता यायचं. फक्त मठप्रमुख बाईला ती सूट नव्हती. लॅटिन शिकायच्या, हिशोब बघायच्या, पोथ्या उतरवायच्या. शेजारच्याच गांडर्सहाइमच्या श्टिफ्टमध्ये दहाव्या शतकात ह्रोट्सविट नावाची बाई लॅटिनमधून नाटकं लिहीत होती, जेव्हा युरोपात नाटक लिहिणारे पुरुषही दिसत नव्हते. मुलींना शिक्षण, विधवांना आसरा आणि घराण्याच्या जमिनीला धर्माचं कुंपण, असे तीन पक्षी एका दगडात. गेर्नरोडेला तर हे अगदी उघड दिसतं. गेरो नावाचा जबरदस्त सरहद्द-सुभेदार, त्याचा मुलगा ९५९ मध्ये वारला, वंश खुंटला, तेव्हा त्याने त्याच वर्षी तिथे श्टिफ्ट काढून सगळी इस्टेट तिच्या नावावर केली आणि विधवा सुनेला, हाथुईला, पहिली प्रमुख केलं. तिने पन्नासहून जास्त वर्षं ते सांभाळलं. ते चर्च अजून उभं आहे, त्या काळातल्या सगळ्यात चांगल्या टिकलेल्या इमारतींपैकी एक, आणि गर्दी जवळपास नसतेच.

क्वेडलिनबुर्गला म्हाताऱ्या राणीनंतर नात बसली, नावही आजीचंच, माथिल्डे, ओट्टोची मुलगी. ९६६ मध्ये प्रमुख झाली तेव्हा वय अकरा. पण पुढे ही पोरगी भलतीच कर्तबगार निघाली. ९९७ मध्ये तिचा भाचा तिसरा ओट्टो इटलीला गेला तेव्हा इकडचा कारभार तिच्या हातात दिला, आणि तिने दरबार भरवून सरदारांना वठणीवर ठेवलं. विडुकिंड नावाच्या मठवासी इतिहासकाराने सॅक्सन लोकांचा इतिहास लिहिला तो हिलाच अर्पण केला. ९९४ मध्ये गावाला बाजार भरवायचा, नाणी पाडायचा आणि जकात घ्यायचा हक्क मिळाला तोही हिच्याच काळात. म्हणजे सम्राट इटलीच्या वाऱ्या करत बसले, आणि त्यांची थडगी, जमिनी, भेटी, पोथ्या हे सगळं सांभाळलं आत्या, बहिणी आणि लेकींनी. या भागातला खजिना टिकला त्याचं पहिलं कारण हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैसा कुठून आला? डोंगरातून. गॉस्लारच्या डोक्यावर रामेल्सबेर्ग नावाचा डोंगर आहे, त्यात तांबं, शिसं, जस्त आणि चांदी एकत्र असलेलं खनिज. दंतकथा अशी की राम नावाच्या एका सरदाराचा घोडा झाडाला बांधलेला असताना खूर आपटत होता, त्यातून चांदी उघडी पडली. (हो, नाव खरंच राम असं लिहिलंय, आपल्या रामाशी संबंध काही नाही.) विडुकिंडने ओट्टोच्या काळात सॅक्सनीत चांदी सापडल्याची नोंद केलीय आणि परंपरेने ९६८ साल धरतात. तिथपासून ही खाण जी चालली ती १९८८ पर्यंत, हजार वर्षांपेक्षा जास्त, एकूण जवळपास तीन कोटी टन खनिज काढलं. सुरुंगाची दारू यायच्या आधी खडक फोडायचे कसे तर खडकाला लागून लाकडाची चळत रचायची, पेटवायची, माणसं बाहेर, खडक तापून तडकला की मग आत जाऊन घणाने पाडायचा. त्यात किती जंगल जळालं असेल याचा विचार करा, आणि वर भट्ट्यांचा कोळसा वेगळा. खाणीत पाणी भरायचं ते काढायला बाराव्या शतकात डोंगराच्या पोटातून एक बोगदा खणला, तो आजही आत जाऊन बघता येतो, भिंतींवर पाण्यातून उतरलेल्या क्षारांचे निळे, हिरवे, लालसर थर आहेत. इतक्या वर्षांत मी जेवढी म्युझियम बघितली त्यात खाणीचं म्युझियम एवढं खिळवून ठेवेल असं वाटलं नव्हतं.

या चांदीची नाणी पडली, त्यांवर ओट्टो आणि सम्राज्ञी आडेलहाइड अशी नावं, ती पार बाल्टिकच्या किनाऱ्यापर्यंत गाडलेल्या हंड्यांतून सापडतात. आणि चांदीपाठोपाठ सम्राट आले. अकराव्या शतकात तिसऱ्या हाइनरिशने गॉस्लारला दगडी राजवाडा बांधला, तो आहे अजून, मात्र एक सांगतो, आज दिसतो त्यातला बराच भाग एकोणिसाव्या शतकातल्या डागडुजीचा आणि आतल्या भिंतीवरची भव्य चित्रं तर पूर्णच त्या काळातली, नवीन जर्मन साम्राज्याची जाहिरात म्हणा ना. हा हाइनरिश १०५६ मध्ये हार्त्समधल्याच शिकारीच्या वाड्यावर वारला, देह नेला दूर श्पायरला आणि हृदय मात्र गॉस्लारला ठेवलं, ते आज राजवाड्याला जोडलेल्या छोट्या चॅपेलमध्ये त्याच्या दगडी थडग्यात आहे. राजवाड्यासमोर त्याचंच एक प्रचंड चर्च होतं. १८१९ च्या सुमारास ते पडझडीला आलं म्हणून चक्क दगडविटांच्या भावात विकून पाडून टाकलं, फक्त दारापुढची एक ओसरी राहिली. उरलेल्या जागेवर आता गाड्यांचं पार्किंग आहे. जुन्या वास्तूंची हेळसांड फक्त आपल्याकडेच होते असं वाटत असेल त्यांनी तिथे गाडी लावून यावं.

आता इमारती कशा ओळखायच्या ते पटकन. कमानी अर्धगोल, भिंती जाड, खिडक्या लहान, छत बहुतेक सपाट लाकडी, तर ते रोमनेस्क, म्हणजे या घराण्याचा आणि त्यानंतरचा काळ, बाराव्या शतकापर्यंत. कमान वर टोकदार झाली, भिंतीच्या जागी उंच काचा आल्या की गॉथिक. क्वेडलिनबुर्गच्या टेकडीवरचं आजचं चर्च १०७० च्या आगीनंतर बांधलेलं, ११२९ मध्ये पूर्ण झालं. आत गेल्यावर खांब मोजत चाला: एक चौकोनी, दोन गोल, परत एक चौकोनी, दोन गोल. ही या भागाची खास चाल, हिल्डेसहाइमच्या सेंट मायकेल चर्चमध्येही हीच. हिल्डेसहाइमला आणखी एक गोष्ट, जिथे चर्चचे आडवे-उभे भाग एकमेकांना छेदतात तिथे जो चौरस तयार होतो, तेच माप घेऊन सगळं चर्च आखलंय. ज्याला वास्तुकलेतलं काही कळत नाही त्यालाही आत उभं राहिल्यावर काहीतरी अगदी बरोबर बसलंय असं वाटतं, त्याचं कारण हे.

हे बांधणारा बिशप बेर्नवार्ड, ९९३ ते १०२२, तिसऱ्या ओट्टोचा लहानपणचा शिक्षक. १००१ मध्ये रोमला गेला, तिथले जुने स्तंभ, चर्चचे कोरीव दरवाजे बघून आला आणि घरी येऊन त्याने काय केलं तर १०१५ मध्ये ब्राँझचा दरवाजा ओतून घेतला. दोन फळ्या, प्रत्येक ४.७२ मीटर उंच, जवळपास दोन टनांची, आणि प्रत्येक फळी चित्रांसकट एकसंध ओतलेली, तुकडे जोडलेले नाहीत. आधी मेणात सगळं घडवायचं, त्यावर मातीचा साचा, मेण वितळवून काढायचं आणि तापलेला रस ओतायचा. एवढ्या मापात एखादी हवेची पोकळी राहिली की संपलं. आल्प्सच्या उत्तरेला रोमन काळानंतर एवढं कथाचित्रांनी भरलेलं ओतकाम कोणी केलेलं नव्हतं.

हा दरवाजा शहराच्या कॅथेड्रलमध्ये, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमध्ये आहे, त्याच्यापुढे अर्धा तास तरी उभं राहा. डाव्या फळीवर आठ चित्रं, वरून खाली यायचं, आदामाच्या निर्मितीपासून त्याच्या मुलाने, काइनने, भाऊ हाबेलला मारेपर्यंत, म्हणजे माणसाची घसरण. उजव्या फळीवर आठ, पण ती खालून वर वाचायची, मरीयेला देवदूताचा निरोप येतो तिथून येशूच्या पुनरुत्थानापर्यंत, म्हणजे चढण. इथपर्यंत सरळ आहे. गंमत अशी की आडव्या जोड्याही लागतात. डावीकडे हव्वा फळ देते ते झाड, त्याच्याच शेजारी उजवीकडे वधस्तंभ. डावीकडे देव आदामाचा न्याय करतोय, उजवीकडे रोमन सुभेदार पिलात येशूचा न्याय करतोय. डावीकडे हव्वा मांडीवर पोर घेऊन बसलीय, उजवीकडे मरीया बाळ येशूला घेऊन. बेर्नवार्डने, किंवा त्याच्या हाताखालच्या कोणा हुशार माणसाने, सोळा चित्रांचं असं कोडं घातलंय की आडवं वाचा, उभं वाचा, लागतंच.

त्यातलं न्यायाचं चित्र मला सगळ्यात आवडतं. देव किंचित वाकून आदामाकडे बोट रोखून उभा. आदाम एका हाताने पान धरून लाज झाकतोय, पार गोळा झालाय, आणि दुसऱ्या हाताने मागे हव्वेकडे बोट करतोय, हिने केलं. हव्वा पण तशीच वाकलेली, आणि तिचं बोट खाली जमिनीवरच्या सापासारख्या ड्रॅगनकडे, याने केलं. आणि तो ड्रॅगन तिच्याकडे मान वर करून बघतोय. बोटांची एक तिरपी रेघ वरून खाली उतरत जाते. हजार वर्षांपूर्वीचा कारागीर, त्याला शरीराची प्रमाणं धड जमत नव्हती, डोकी तर पत्र्यातून पुढे बाहेर आलेली आहेत, पण माणूस जबाबदारी कशी ढकलतो हे त्याला पक्कं माहीत होतं. २२ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात हे शहर बेचिराख झालं, कॅथेड्रलही गेलं, पण दरवाजा आधीच काढून सुरक्षित ठेवला होता म्हणून वाचला. सेंट मायकेलचं तेराव्या शतकातलं रंगवलेलं लाकडी छतही असंच उतरवून ठेवलेलं, ओकच्या साधारण तेराशे तुकड्यांचं आहे ते.

आता खजिना म्हणजे नक्की काय, तर मुळात हाडं. संतांची हाडं, दात, कपड्यांचे तुकडे. लोकांचा विश्वास असा की संत स्वर्गात असला तरी त्याच्या अवशेषात तो इथेही हजर असतो, मध्यस्थी करतो, त्यामुळे अवशेष असलेल्या चर्चला यात्रेकरू, दान, मान सगळं मिळायचं. आणि हाड काही नुसतं ठेवायचं नाही, तर जगात जे सगळ्यात सुंदर मिळेल त्यात ठेवायचं. म्हणून क्वेडलिनबुर्गच्या खजिन्यात तुम्हाला चक्क इजिप्तच्या फातिमी खलिफांच्या काळातल्या स्फटिकाच्या कुप्या दिसतात, अखंड पारदर्शक स्फटिक आतून पोखरून कोरलेल्या, मुळात अत्तर-तेलासाठी केलेल्या. मुसलमान कारागिराने कैरोकडे केलेली अत्तरदाणी, भेटी-देवघेवीतून जर्मनीत आली, सोन्यात मढवली आणि आत ख्रिश्चन संताचा अवशेष. त्या काळी कोणाला यात काही वावगं वाटलं नाही. तिथेच एक गालिचा आहे, साधारण १२०० सालचा, मठप्रमुख आग्नेसच्या काळात तिथल्या बायकांनी गाठी मारून विणलेला, आणि त्यावर विषय कुठला तर बुध देव आणि विद्यादेवी यांचं लग्न, म्हणजे बायबल नाही, जुन्या रोमन ग्रंथातली कथा. त्याचे आता पाच तुकडे उरलेत.

हाल्बरश्टाटचा खजिना संख्येने मोठा, सहाशेहून जास्त वस्तू. त्याची हकिगत जरा अवघडवणारी आहे. तिथला बिशप कोन्राड चौथ्या धर्मयुद्धाला गेला, ते युद्ध जेरुसलेमला पोचलंच नाही, १२०४ मध्ये ख्रिश्चनांनीच ख्रिश्चनांचं कॉन्स्टँटिनोपल, बायझँटाइन साम्राज्याची राजधानी, लुटलं. कोन्राड १२०५ मध्ये परत आला तो अवशेष, रेशमी कापडं, बायझँटाइन चांदीचं मोठं नक्षीदार तबक असं काय काय घेऊन. आज ते काचेच्या पेटीत छान उजेडात ठेवलंय, आणि आहेच देखणं, पण आपण लुटीचा माल बघतोय हे डोक्यातून जात नाही. एक मात्र चांगलं झालं. धर्मसुधारणेनंतर, म्हणजे कॅथलिक चर्चमधून प्रोटेस्टंट पंथ फुटल्यावर, बाकी ठिकाणी प्रोटेस्टंटांनी जुने झगे, भिंतपडदे, मूर्ती मोडीत काढल्या, इथे मात्र चर्चच्या मंडळात प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दोघंही बसायचे, त्यामुळे कोणाला काही फेकता आलं नाही. बाराव्या शतकातला दहा मीटरहून लांब विणलेला भिंतपडदा तिथे आहे, रंग अजून शाबूत.

लुटीवरून क्वेडलिनबुर्गची अलीकडची गोष्ट. आधी नाझी आले. हिटलरच्या एसएस या दलाचा प्रमुख हिमलर, त्याला पहिल्या हाइनरिशचं भारी वेड, १९३६ मध्ये राजाच्या हजाराव्या पुण्यतिथीला त्याने टेकडीवर मशाली-बिशालींचा सोहळा केला, मग १९३८ मध्ये चर्च एसएसच्या ताब्यात घेऊन प्रार्थना बंद पाडल्या. राजाचं थडगं रिकामं होतं ही पंचाईत, तर १९३७ मध्ये हाडं ‘सापडली’ आणि थाटात परत पुरली. युद्धानंतर उघडून बघितलं तर बनाव. राणी माथिल्डेची दगडी शवपेटी मात्र जिथल्या तिथे आहे. युद्धात खजिना गावाबाहेरच्या गुहेत लपवला होता, एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य आलं, पहारा बसला, आणि त्यातल्या जो मीडर नावाच्या लेफ्टनंटने बारा वस्तू उचलून लष्करी टपालाने पार्सल करून टेक्सासमधल्या व्हाइटराइट या छोट्या गावी घरी पाठवल्या. नवव्या शतकातली, सोन्याच्या शाईने लिहिलेली शुभवर्तमानाची पोथी साध्या टपालाने! तो कला शिकलेला होता, त्याला काय हातात आहे ते चांगलं कळत होतं. १९८० मध्ये तो वारला, वारसांनी माल बाजारात काढला, एका जर्मन संशोधकाने माग काढला आणि १९९० मध्ये प्रकरण फुटलं. शेवटी जर्मनीने वारसांना पंचवीस-तीस लाख डॉलरच्या घरात पैसे मोजून तडजोड केली, आणि १९९३ मध्ये वस्तू टेकडीवर परत आल्या. दोन वस्तू अजूनही बेपत्ताच आहेत. चोराच्या घरच्यांना पैसे द्यावेत का यावर तेव्हा भरपूर वाद झाला, आणि मला विचाराल तर तो वाद बरोबरच होता, पण खटला लढत बसले असते तर वस्तू कधी दिसल्या असत्या देव जाणे.

माग्देबुर्ग थोडक्यात, कारण ते शहर १६३१ मध्ये आणि परत १९४५ मध्ये असं दोनदा उद्ध्वस्त झालं. तरी कॅथेड्रल आहे, १२०९ मध्ये सुरू झालेलं, जर्मनीतलं गॉथिक पद्धतीचं पहिलं मोठं काम, आत ओट्टोचं थडगं आणि साधारण १२४० च्या सुमाराची संत मॉरिसची मूर्ती, चिलखत घातलेला आफ्रिकन योद्धा, चेहरा अगदी खराखुरा. ओट्टोची पहिली बायको एडिथ इंग्लंडची राजकन्या. २००८ मध्ये तिच्या नावाची शिशाची पेटी सापडली, मग दातांच्या एनॅमलमधली मूलद्रव्यं तपासली, लहानपणी प्यालेल्या पाण्याची खूण दातात राहते ना, ती दक्षिण इंग्लंडशी जुळली.

राहता राहिलं क्वेडलिनबुर्गचं गाव. तेराशेहून जास्त लाकडी सांगाड्याची घरं, म्हणजे ओकचे खांब-तुळया आणि मधल्या चौकटी कुडाने, मातीने किंवा विटांनी भरलेल्या, वरचा मजला खालच्यापेक्षा रस्त्यावर थोडा पुढे. सगळ्यात जुन्यांपैकी एक चौदाव्या शतकातलं आहे, त्यात १९६५ पर्यंत माणसं राहत होती, आता म्युझियम. गाववाले आणि टेकडीवरच्या बायका यांचं मात्र कधी पटलं नाही. व्यापाऱ्यांना स्वातंत्र्य हवं होतं, त्यांनी त्याची खूण म्हणून चौकात रोलांड या दंतकथेतल्या वीराचा दगडी पुतळा उभारला होता, आणि १४७७ मध्ये मठप्रमुख हेडविगने आपल्या भावांचं सैन्य बोलावून गाव जिंकलं आणि तो पुतळा आडवा केला. तो परत उभा राहिला एकोणिसाव्या शतकात, तोवर १८०३ च्या सुमारास श्टिफ्टच बरखास्त झालं होतं.

पूर्व जर्मनीच्या काळात जुनं गाव मोठ्या प्रमाणावर पाडून नवं बांधायचा बेत होता, पण पाडायला आणि बांधायला लागणारा पैसाच नव्हता म्हणून ते राहून गेलं. घरं गळत होती, कोसळत होती, पण होती. १९९४ मध्ये यूनेस्कोच्या यादीत नाव आलं आणि मग दुरुस्त्या सुरू झाल्या.

जायचंच असेल तर क्वेडलिनबुर्गला मुक्काम करा, दोन रात्री तरी. तिथून हाल्बरश्टाट आणि माग्देबुर्ग एकाच लोकल मार्गावर आहेत, गेर्नरोडेला छोट्या रुळांवरची वाफेची गाडी जाते, ती पोरांना आवडेल. हाल्बरश्टाटहून गॉस्लार आणि गॉस्लारहून हिल्डेसहाइम अशा थेट गाड्या आहेत, म्हणजे शेवटचा दिवस हिल्डेसहाइमला ठेवून पुढे हानोफरहून परतीची गाडी पकडता येते. आणि खाणीत जाताना उन्हाळ्यातही जॅकेट घेऊन जा, आत चांगलंच गार असतं.